क्षच्या जागी किंमत टाकताना आधी कंस लिहा

राशीत किंमत टाकायची असेल तर आधी क्ष पुसून तिथे रिकामा कंस लिहायचा आणि मग त्यात आकडा भरायचा, एवढी एक सवय लागली ना की निम्म्या चुका तिथेच थांबतात. समजा २क्ष² − ३क्ष + ५ आहे आणि क्ष = −४, तर लिहा २(−४)² − ३(−४) + ५. आता वर्ग आधी, म्हणजे १६, त्याची दुप्पट ३२, मग −३ गुणिले −४ म्हणजे +१२, आणि ५, टोटल ४९. कंस नसेल तर −४² चं −१६ होतं आणि सगळं गणित बोंबलतं. गंमत म्हणजे एक्सेलमध्ये =−४^२ टाकलं तर १६ येतं पण बऱ्याच सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर −१६, त्यामुळे मशीनवर पण कंस टाकाच. क्ष = ४ असताना २क्ष म्हणजे ८, २४ नाही, हे कंसामुळे आपोआपच दिसतं. आणि हो, ७क्ष − ५क्ष + य असं काही असेल तर आधी २क्ष + य करून घ्या, उगाच दोनदा कशाला गुणत बसायचं, विशेषतः किंमत अपूर्णांकात दिली असेल तर.