दडपणाखाली अचूक फटक्याचा सराव

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये दोन तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना रंगला की एरवीचा नेमबाज खेळाडूही थेट गोलरक्षकाच्या अंगावर चेंडू मारतो, कारण त्याचा सराव मोकळ्या गोलसमोर निवांतपणे झालेला असतो. म्हणून पाठीमागून बचावपटू धावत येत असतानाच, दोन स्पर्शांत फटका मारण्याची अट घालावी. 7.32 मीटर रुंद गोलमध्ये दोन्ही खांबांपासून एकेक मीटरवर प्लास्टिकचा शंकू ठेवावा आणि खांब व शंकू यांच्यामधल्या फटीतून गेलेलाच गोल धरावा. चेंडू येण्यापूर्वी खेळाडूने मान वळवून गोलरक्षकाची जागा हेरावी. मारताना मात्र टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, घोटा ताठ आणि नजर चेंडूवरच असावी. जोरापेक्षा दिशा महत्त्वाची, हे मी आग्रहाने सांगेन. शेवटचे दहा फटके धावून दमल्यावर घ्यावेत आणि तेव्हा बाकीच्यांनी कडेने मुद्दाम आरडाओरडा करावा.