थंडरबर्डमध्ये मेल डिलीट करूनही डिस्क रिकामी होईना

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रामच्या इनबॉक्समध्ये जेमतेम चारशे मेल, आणि प्रोफाइलमधली (म्हणजे तो मेल आणि सेटिंग्ज ठेवतो त्या फोल्डरमधली) 'इनबॉक्स' नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल ६.८ जीबीची! खातं पॉप, म्हणजे मेल उतरवून कॉम्प्युटरवरच ठेवणारं.

ट्रॅश रिकामा केला, फरक शून्य. 'डॉट एमएसएफ' फाइल उडवली. ती नुसती अनुक्रमणिका, परत तयार झाली. दोन रविवार यात गेले.

खरं कारण असं की डिलीट केलेल्या मेलवर फक्त खूण होते, मजकूर फाइलमध्ये तसाच पडून राहतो. तो कॉम्पॅक्ट केल्यावरच जातो. मी तेही करून पाहिलं होतं, पण डिस्कवर पुरेशी जागा नसल्याने ते अडलं. कॉम्पॅक्ट करताना उरलेल्या मेलची नवी फाइल आधी लिहिली जाते, म्हणून जागा हवीच.

मग थंडरबर्ड बंद करून अख्खं प्रोफाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं. (हे टाळू नका.) जुने व्हिडिओ हलवून ८ जीबी मोकळे केले. थंडरबर्ड उघडून इनबॉक्सवर राइट क्लिक, 'कॉम्पॅक्ट'. खालच्या पट्टीवरचा संदेश जाईपर्यंत कशालाही हात लावला नाही. शेवटी ट्रॅश आणि सेंटलाही तेच.

फाइल आता ४१० एमबी.