माशी कुठे शिंकते: फ्लाय फिशिंगचं सामान घेण्याआधी

फ्लाय फिशिंग, म्हणजे नकली माशी लावून मासे धरणं, शिकायचं मनात आलं की पहिला प्रश्न हमखास रॉडचा निघतो. साधा घ्यावा की महागडा? माझं म्हणणं, हा प्रश्न यादीत बराच खाली ठेवा. यादीची सुरुवात माशाच्या तोंडापासून करा, तिथून आपल्या हातापर्यंत या, आणि मग हातापासून पायांपर्यंत जा. या क्रमाने गेलं की पैसे कुठे सढळ हाताने सोडायचे आणि कुठे हात आखडायचा, हे बरंचसं आपोआप सुटतं. रॉडपासून सुरुवात केली तर दुकानातला पहिला गळ आपल्यालाच लागतो. मला लागला होता, म्हणून सांगतो.

कागदावर सगळ्यात वर लिहा: कुठला मासा, कुठलं पाणी. अरुंद ओढ्यातला लहान ट्राउट असेल तर ३ किंवा ४ वेटचं सामान. मध्यम नदीतल्या ट्राउटसाठी ९ फुटी, ५ वेटचा रॉड, आणि एकच घ्यायचा असेल तर बहुतेक जण याच्याकडेच बोट दाखवतात. समुद्राच्या उथळ पाण्यातल्या बोनफिशसाठी ८ वेट. हा ‘वेट’चा आकडा खरं तर लाइनच्या, म्हणजे फेकायच्या मुख्य दोऱ्याच्या, वजनाचा आहे, रॉडवर तो फक्त जोडी जुळावी म्हणून छापतात. ५ वेटच्या लाइनचे पहिले ३० फूट प्रमाणानुसार १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम भरतात. ८ वेटचे २१० ग्रेन. यामागचं कारण एकदा डोक्यात बसलं की पुढची निम्मी यादी सोपी होते. इतर गळ टाकताना आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनामागे दोरा ओढला जातो. इथे आमिष म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेली नकली माशी, तिला वजन जवळजवळ नाहीच. म्हणून फेकायची असते ती लाइन. माशी आपली तिच्या शेपटाला धरून जाते.

आता माश्यांचा डबा. हुकचा आकडा जितका मोठा तितका हुक लहान, म्हणजे १८ नंबर हा १२ नंबरपेक्षा बारीक, हे आधी लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच खरेदीत माशी शिंकते. शंभर माश्यांचा स्वस्त डबा बघून भुलू नका. त्यातल्या अनेकांचे हुक मऊ असतात, दोरा दुसऱ्या माशालाच सुटतो, आणि हुकच्या डोळ्यात डिंक सुकून बसलेला असल्याने अंधारात ओवता ओवता जीव जातो. त्यापेक्षा पाचच प्रकार घ्या: तरंगणारे अ‍ॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, बुडणारे फेझंट टेल आणि हेअर्स इअर, आणि मोठ्या माशासाठी वूली बगर. प्रत्येकाचे दोन-तीन आकार पुरतात. दुकानात हुकचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. घसरलं तर बोथट, अडकलं तर घ्या. आणि साधेपणाबद्दल मनात शंका असेल तर फेझंट टेलकडे पाहा. फ्रँक सॉयर या इंग्लंडमधल्या नदीरक्षकाने ती फेझंट पक्ष्याच्या शेपटीतली पिसं आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावर बांधली, बांधायला वेगळा दोराही वापरला नाही. हुकचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाका. मासा सोडायला सोपं, आणि कधी आपल्याच कानात रुतला तर काढायलाही.

माशीनंतर लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांना जोडणारा बारीक दोरा, आणि त्याच्या टोकाचा सगळ्यात बारीक तुकडा, म्हणजे टिपेट. ९ फुटी निमुळता नायलॉन लीडर सुरुवातीला पुरेसा आहे. टिपेटची जाडी ‘एक्स’मध्ये मोजतात: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, जे उरेल तितके हजारांश इंच. म्हणजे ५ एक्स हा ६ हजारांश इंच. हुकच्या नंबराला ३ ने भागलं की जवळपास योग्य एक्स मिळतो. १५-१६ नंबरच्या माशीला ५ एक्स. ‘महाग ते चांगलं’ हा हिशेब पहिल्यांदा इथे फसतो. फ्लुओरोकार्बन नायलॉनपेक्षा बराच महाग. पाण्याखाली तो कमी दिसतो, खडकावर कमी घासतो, हे खरं; पण तो लवकर बुडतो. तरंगत्या माशीला तो लावला की जास्त पैसे देऊन माशी खाली ओढल्यासारखं होतं. तरंगत्या माशीला नायलॉन, बुडत्या माशीला हवं तर फ्लुओरोकार्बन. गेल्या हंगामातलं नायलॉनचं रीळ उन्हात पडून राहिलं असेल तर दोन्ही हातांनी झटका देऊन बघा. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमजोर होतो. मोठा मासा सुटल्याच्या कितीतरी कहाण्यांचा शेवट खरं तर अशा एका गाठीत असतो, सांगताना मात्र मासा हातभर वाढतो.

लाइनपाशी थोडं थांबायचं आहे, कारण पैसे इथे सोडायचे. तरंगत्या लाइनच्या आत विणलेला गाभा असतो, बाहेर प्लॅस्टिकचा थर, आणि बऱ्याच लाइन्समध्ये त्या थरात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात, त्यांच्या जिवावर ती तरंगते. स्वस्त लाइन रिळावरच्या वेटोळ्यांचा आकार विसरत नाही. पाण्यावर स्प्रिंगसारखी पडते, आणि माशाने माशी तोंडात घेतल्याचं आपल्याला कळेपर्यंत त्याने ती थुंकलेली असते. थोड्याच दिवसांत थराला बारीक तडे जातात, टोक बुडायला लागतं. चांगली लाइन सरळ पडते, रॉडच्या कड्यांतून न अडखळता सरकते. मी एकदा माझ्या जुन्या, मधल्या दर्जाच्या रॉडवर नवी चांगली लाइन चढवली, तर सोबतच्याने विचारलं, रॉड कधी बदललास?

लाइन घेताना डब्यावरचा ग्रेनचा आकडा वाचा. हल्ली कित्येक लाइन्स छापलेल्या वेटपेक्षा अर्ध्या, काही तर पूर्ण एका वेटने जड बनवतात, कारण ताठ रॉड वाकवायला जास्त वजन लागतं. मऊ रॉडवर अशी लाइन चढवली तर रॉड बिचारा दमून जातो. ‘वेट फॉरवर्ड’ म्हणजे पुढे जड, लांब फेकायला सोयीची. ‘डबल टेपर’ दोन्ही टोकांना सारखी. काटकसरी माणसाने दुसरीचा विचार करावा. एक टोक झिजलं की काढून उलटी चढवायची, आणखी काही हंगाम निघतात. कोमट पाणी आणि सौम्य साबण, एवढ्यावर लाइन स्वच्छ राहते. सनस्क्रीन आणि डास पळवणारं मलम मात्र तिचे वैरी. लावलंत तर हात धुऊन मगच लाइनला हात लावा.

लाइन जिच्यावर गुंडाळायची ती रील. इथे मी अगदी कंजूष आहे. लहान-मध्यम ट्राउटसाठी रील म्हणजे लाइन ठेवायचा डबा. मासा बहुतेक वेळा हातानेच लाइन ओढून आणला जातो. साधी कटकट वाजणारी दात्यांची रील या कामाला पुरते. अखंड अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेली, रंगीत मुलामा दिलेली रील दिसते देखणी, पण ओढ्यावर ती म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. समुद्रावर हाच हिशेब उलटतो. बोनफिश एका धावेत शंभर यार्डांपर्यंत दोरा काढू शकतो. तिथे ब्रेक अडखळला तर टिपेट तुटलंच, आणि खारं पाणी व वाळू आत शिरली तर ब्रेक अडखळणारच. म्हणून खाऱ्या पाण्यासाठी सीलबंद ब्रेक असलेली रील हवी, आणि तिच्या किमतीबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. कुठलीही रील घेताना स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची चकरी, फिरवून डगमगते का बघा, आणि लाइनखाली बॅकिंगचा, म्हणजे मासा लांब पळाला तर लागणारा जादा, दोरा किती मावतो ते विचारा.

आणि आता रॉड. बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेले रॉड गेले, काचतंतूंचे आले, १९७० च्या दशकात कार्बन तंतूंचे म्हणजे ग्रॅफाइटचे आले, आणि आज बहुतेकांच्या हातात तेच असतात. महाग रॉडमध्ये पैसे कशाचे? जास्त ताठ तंतू, त्यांना धरून ठेवणारं रेझिन कमी, म्हणून काठी हलकी, आणि फेकून झाल्यावर तिचं टोक थरथरत न राहता पटकन स्थिर होतं. हे खरं आहे, हातालाही जाणवतं. त्याशिवाय मुठीचं निवडक बूच, नक्षीची रीलबैठक, नाव, आणि मोडल्यास दुरुस्तीची हमी. हमी फुकट नसते, ती किमतीतच धरलेली असते. म्हणजे ज्यांनी आपापल्या रॉडची टोकं घरच्या पंख्यात घातली त्यांचा खर्चही थोडा आपण उचलतो. हमी वापरताना वर किती शुल्क पडतं, किती आठवडे लागतात, आणि ती फक्त पहिल्या मालकालाच आहे का, हे तिन्ही प्रश्न विचारून घ्या. जुना रॉड स्वस्तात मिळत असेल तर तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा.

पण त्या ताठपणाचा उपयोग कधी? समोरून वारा असताना, ६० फुटांपलीकडे फेकताना, जड माशी दिवसभर फेकताना. नदीवरचे बहुतेक ट्राउट ३०-४० फुटांच्या आत लागतात. एवढ्या कमी लाइनने फार ताठ रॉड धड वाकतही नाही. नवख्याला हाताला काही कळतच नाही, मग तो जोर लावतो, आणि जोर लावला की लाइन स्वतःच्याच अंगावर येऊन गाठ पडते. माझा पहिला महागडा रॉड असाच होता. दोष रॉडचा नव्हता, पण माझ्या कामाचाही तो नव्हता. मध्यम लवचीक, मधल्या किमतीचा रॉड चुका पोटात घालतो. एक चाचणी जरूर करा: दोन रॉड, दोन्हींवर तीच लाइन, टोकाला माशीऐवजी लोकरीचा तुकडा, आणि मोकळं गवत. मित्राला दोन्हींवरची नावं कागदाच्या चिकटपट्टीने झाकायला सांगा. मग २०, ३५ आणि ५० फुटांवर फेका. ३५ फुटांवर फरक सांगता आला नाही, तर किमतीतल्या फरकाचे पैसे दोन तास शिकवणाऱ्याला द्या. मनगट मागे कुठवर जातंय हे त्याला दिसतं, आपल्याला दिसत नाही.

एवढंही झेपणार की नाही असं वाटत असेल तर जपानी तेनकारा बघा: लांब दुर्बिणीसारखी उघडणारी काठी, टोकाला ठरावीक लांबीचा दोरा, रील नाहीच. ओढ्यासाठी ती पुरते.

हाताचं झालं, आता अंग. वेडर, म्हणजे पाण्यात उतरायची जलरोधक विजार, हा खर्च करायचा दुसरा विषय. श्वास घेणाऱ्या कापडाचे घ्या आणि दुकानात त्यात उकिडवे बसून, गुडघा छातीपर्यंत उचलून बघा. शिवण ताणली जात असेल तर तीच आधी गळणार. माझे स्वस्त वेडर दुसऱ्या हंगामातच मांडीपाशी गळायला लागले, आणि थंड पाणी पायांत साठत असताना उत्तम रॉडचंही कौतुक उरत नाही. कमरेचा पट्टा वेडरबरोबर आलाच असेल. तो ऐच्छिक समजू नका, पडलात तर आत शिरणारं पाणी तोच रोखून धरतो. बूट एक आकार मोठे. नमद्याचे तळवे गुळगुळीत दगडांवर छान धरतात, पण ओले राहतात आणि एका नदीतले सूक्ष्म जीव दुसरीत नेतात. न्यूझीलंडने २००८ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, नंतर इतरही काही ठिकाणी आली. त्यामुळे रबरी तळवे घ्या, हवे तर खिळ्यांसह. उन्हाळ्यात जुनी पँट आणि हेच बूट घालून उतरलं तरी चालतं.

पोलराइज्ड चष्मा मात्र कधीही विसरू नका. पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिलं की पाण्यावरची चकाकी त्यात जवळजवळ नाहीशी होते, आणि जिथे नुसता उजेड होता तिथे दगड, खड्डे, कधी मासाही दिसतो. वाऱ्याने उलटून आलेल्या हुकपासून डोळे वाचतात ते वेगळंच. जाळी रबरी घ्या, दोरीच्या जाळीने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर निघतो. दोरा कापायला खास कात्री विकतात. नेलकटर तेच काम करतो. थर्मामीटर स्वस्त असतो, खिशात ठेवा: पाणी २० अंश सेल्सियसच्या वर गेलं की ट्राउट आधीच दमलेला असतो, अशा वेळी पकडून सोडलेला मासाही अनेकदा जगत नाही. त्या दिवशी लाइन धुवावी.

आदल्या रात्री परवाना खिशात, टिपेटचं रीळ दुसऱ्या खिशात, रॉडचे चारही तुकडे मोजून कापडी पिशवीत, पिशवी नळीत. नदीवरून परतताना रॉडचे तुकडे सुटे करून नळीत घालायचा कंटाळा येतो, तसाच जोडलेला मागच्या सीटवर सरकवला जातो. मग दार लावण्याआधी त्याचं टोक कुठे आहे ते बघा.