महापालिका आपल्याच कामगारांशी कोर्टात भांडते, त्याचं बिल कसं मिळवायचं

माहिती अधिकाराचा अर्ज कसा भरायचा हे इथे शिकवत नाही. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, इतकं तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर कोणत्याही तहसील कचेरीबाहेरचा टायपिस्ट पाच मिनिटांत सांगेल.

हंगामी सफाई कामगार, रोजंदारीवरचे माळी, मानधनावरच्या बालवाडी शिक्षिका कायम करा म्हणून औद्योगिक न्यायालयात जातात. बहुतेक वेळा १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रार होते. महापालिका पॅनेलवरचा वकील उभा करते. हरली की हायकोर्टात जाते, तिथे दुसरा वकील. हे सगळं नागरिकांच्या करातून चालतं आणि त्याची बेरीज कोणी मांडत नाही. कामगार संघटनेच्या कामात मी ती बरीच वर्षं मांडतोय.

पहिली पायरी : कोणाकडे मागायचं

न्यायालयाकडे मागू नका. महापालिकेने वकिलाला काय दिलं हे न्यायालयाला ठाऊक नसतं. आयुक्तांच्या नावानेही पाठवू नका. तो अर्ज माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) खाली, म्हणजे ‘योग्य कार्यालयाकडे वर्ग’ म्हणून, या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. दोन स्वतंत्र अर्ज करा. एक विधी विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याला, दुसरा लेखा विभागाच्या. वकील नेमतो आणि बिल तपासतो तो विधी विभाग, पैसे देतो तो लेखा विभाग. दोघांची कागदं जुळली नाहीत तर तीही एक माहितीच आहे.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची सेवेची प्रकरणं मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात चालतात. तिथल्या वकिलांचा खर्च हवा असेल तर तो संबंधित खात्याकडे. हा लेख महापालिका, जिल्हा परिषद, महामंडळं यांच्यापुरता.

दुसरी पायरी : प्रश्न. इथेच सगळे आपटतात

मीही आपटलो. माझा पहिला अर्ज असा होता : ‘गेल्या पाच वर्षांत कामगार व औद्योगिक न्यायालयांतील दाव्यांवर महापालिकेने वकिलांना एकूण किती रक्कम दिली?’ साधा, सरळ प्रश्न. एकोणतिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं : ‘मागितलेली माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही.’

मी चिडून अपील केलं. अपिलात लोकशाही, पारदर्शकता, करदात्यांचे पैसे असं दीड पान लिहिलं. प्रथम अपीलीय अधिकाऱ्यांनी ते वाचल्याचं मला दिसलं नाही. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय हा निकाल समोर ठेवला. कार्यालयाकडे नसलेली माहिती गोळा करून, बेरजा मारून देणं बंधनकारक नाही, असं त्यात आहे. अपील फेटाळलं. सात महिने पाण्यात.

त्या सुनावणीच्या दिवशी तासभर विधी विभागातल्या बाकावर बसून होतो. समोरच्या टेबलावर एक कारकून लांबुडक्या, कापडी पाठीच्या रजिस्टरमध्ये बिलं चढवत होता. उलटं वाचता येईल इतकं ते जवळ होतं. रकाने होते : वकिलाचं नाव, न्यायालय, दावा क्रमांक, देयकाची तारीख, मागणी रक्कम, मंजूर रक्कम, लेखा विभागाकडे पाठवल्याची तारीख. पानाच्या तळाशी पेन्सिलीने बेरीज आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’. मी सात महिने मागत होतो ती ‘संकलित स्वरूपातली’ माहिती माझ्यापासून दोन हातांवर होती. पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या कागदावर नाव होतं, वकील फी देयक नोंदवही.

उत्तर देणारा अधिकारी खोटं बोलला नव्हता. मी विचारलं होतं ‘किती’, आणि ‘किती’ नावाचा कागद त्याच्याकडे नव्हता. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) मध्ये माहिती म्हणजे काय ते सांगितलंय : अभिलेख, दस्तऐवज, टिपणी, परिपत्रक, आदेश, रोजवह्या असं बरंच काही. प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तेव्हा प्रश्न विचारू नका. कागद मागा, आणि तो त्याच्या नावाने मागा.

नाव कसं कळणार? कलम ४(१)(ख) खाली प्रत्येक कार्यालयाने सतरा मुद्द्यांची माहिती आपणहून जाहीर करायची असते. सगळे त्यात अधिकाऱ्यांचे फोन नंबर शोधतात. तुम्ही सहावा मुद्दा काढा. कार्यालयाकडे कोणत्या प्रकारचे दस्तऐवज आहेत त्याचं विवरण त्यात असतं. बऱ्याच ठिकाणी ते जुनं आणि एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेलं असतं, तरी नोंदवह्यांची नावं सापडतात. तिथे नसेल तर थेट विभागात जाऊन बसा. मोबाईल खिशात ठेवा आणि टेबलांवर काय आहे ते पाहा.

आता मी विधी विभागाला पाठवतो तो मजकूर असा :

विषय : औद्योगिक व कामगार न्यायालयांतील प्रकरणांची वकील फी.
कालावधी : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५.
१) वरील कालावधीतील वकील फी देयक नोंदवहीच्या (आपल्या कार्यालयात नाव वेगळे असल्यास त्या नोंदवहीच्या) सर्व पानांच्या साक्षांकित प्रती.
२) पॅनेलवरील वकिलांच्या नेमणुकीचा व फीच्या दरांचा अमलात असलेला आदेश किंवा ठराव, दरपत्रकासह.
३) नोंदवहीतील औद्योगिक न्यायालय, कामगार न्यायालय व औद्योगिक न्यायाधिकरण यांच्याशी संबंधित देयकांच्या नस्तींचे (फायलींचे) अवलोकन, कलम २(ञ) नुसार, व अवलोकनानंतर निवडलेल्या पानांच्या प्रती.
पॅन, बँक खाते क्रमांक व कर्मचाऱ्यांचे वैयक्तिक तपशील कलम १० नुसार वगळल्यास हरकत नाही.

यातला प्रत्येक शब्द ठेच लागून आलाय, म्हणून थोडं थांबतो.

एकच आर्थिक वर्ष मागा. पाच वर्षं मागितली की कलम ७(९) पुढे येतं, कार्यालयाची साधनसामग्री वळवावी लागेल वगैरे. ते कलम माहिती नाकारायला नाहीच, कोणत्या स्वरूपात द्यायची एवढ्यापुरतं आहे. पण हे तुम्हाला अपिलात सिद्ध करत बसावं लागतं. एक वर्ष मिळालं की त्याच भाषेत पुढचं मागा. तेव्हा नाही म्हणणं त्यांनाच अवघड जातं.

विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली ही दुरुस्ती झाली आणि बाद करायला टपलेले अधिकारी खरोखर शब्द मोजतात.

दरपत्रक विसरलात तर बाकी सगळं मिळून अर्धवट आहे. दर माहीत नसेल तर बिल जास्त की कमी हे कळणार कसं?

तिन्ही न्यायालयांची नावं मुद्दाम आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यातलं न्यायाधिकरण दोन सदस्यांचं आहे, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय. जुनी नावं, नवी नावं यांच्या फटीतून प्रकरणं निसटतात. पुढच्या वर्षांचे अर्ज करताना हे विशेष सांभाळा.

अर्जाची शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. आधी कलम ८(१)(ञ) खाली वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक कामाशी संबंध नसणं वगैरे अटी होत्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्या काढल्या आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता ‘वैयक्तिक’ हा शिक्का मारणं फार सोपं झालंय. म्हणून नकाराचं निमित्त अर्जातच काढून घ्या. आपल्याला वकिलाचा पॅन नकोच आहे, हवे आहेत दावा क्रमांक, तारीख आणि रक्कम. तरीही नाकारलं तर अपिलात कलम ८(२) घ्या. व्यापक सार्वजनिक हिताची ती तरतूद अजून शाबूत आहे.

आणि एक. यूट्यूबवरचे तज्ज्ञ ‘सर्व संबंधित माहिती द्यावी’ असं लिहायला सांगतात. ते वाक्य दिसलं की माहिती अधिकारी खूश होतो, कारण ‘सर्व संबंधित’ म्हणजे काय ते तोच ठरवतो.

तिसरी पायरी : पैसे भरा

पानाला दोन रुपये. शुल्काचं पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत, तेव्हा त्याच दिवशी भरा. तीस दिवस उलटून गेल्यावर पत्र आलं तर भरू नका. कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट.

चौथी पायरी : नाकारण्याचे ठरलेले तीन प्रकार

‘वकील आणि पक्षकार यांच्यातलं गोपनीय नातं, कलम ८(१)(ङ).’ वकिलाच्या कायदेशीर सल्ल्याबाबत यावर वाद होऊ शकतो. बिलाबाबत होत नाही. सल्ला मागूच नका.

‘त्रयस्थ पक्षाची हरकत.’ कलम ११ खाली वकिलाला विचारावंच लागतं, पण त्याने हरकत घेतली म्हणजे माहिती बंद होत नाही. निर्णय माहिती अधिकाऱ्याने घ्यायचा, तोही अर्ज मिळाल्यापासून चाळीस दिवसांत.

तिसरा प्रकार म्हणजे नुसतं मौन. एकतिसाव्या दिवशी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिलं अपील. अर्धं पान पुरे : काय मागितलं, काय मिळालं नाही, कोणतं कलम. भाषण नको, मी केलं तसं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे नव्वद दिवसांत करता येतं. तिथे फार वाट पाहावी लागते, म्हणून मी ते दाखल करून ठेवतो आणि मधल्या काळात नवा, आणखी नेमका अर्ज देतो.

पाचवी पायरी : नस्ती पाहायला जाणं

एकटे जाऊ नका, दोघं जा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं. आधी टिपणीची पानं पाहा, मग पत्रव्यवहार. पानांना क्रमांक आहेत का ते पाहा. नसतील तर बसल्या बसल्या घालून मागा, नाहीतर प्रती घ्यायला जाल तेव्हा पान गायब. प्रत्येक देयकाखाली हजेरीच्या तारखा आणि ‘प्रमाणित करण्यात येते की’ असा मजकूर असतो. त्या तारखा उतरवून घ्या. रक्कम नोंदवहीत आहेच.

मग घरी बसून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर तोच दावा क्रमांक काढा. महाराष्ट्राच्या यादीत औद्योगिक व कामगार न्यायालयांची वेगळी नोंद आहे. तक्रार, रेफरन्स, रिव्हिजन यांतला योग्य प्रकार निवडा, नाहीतर ‘सापडले नाही’ येत राहील. पक्षकाराच्या नावाने शोधायला जाल तर एकाच महापालिकेची चार स्पेलिंगं भेटतात. तारखांची यादी आली की बिलाशेजारी ठेवा. मी पाहिलेल्या एका देयकात अकरा हजेऱ्या होत्या आणि त्यांतल्या तीन तारखांना रोजनाम्यात, म्हणजे न्यायालयाच्या रोजच्या नोंदीत, लिहिलं होतं, ‘पीठासीन अधिकारी रजेवर’. दरपत्रकात फी ‘परिणामकारक सुनावणी’लाच, म्हणजे प्रत्यक्ष कामकाज झालेल्या तारखेलाच होती. लगेच घोटाळा म्हणून ओरडू नका. कधी वकील खरोखर येऊन उभा राहिलेला असतो आणि दर वाचायचा राहिलेला असतो. पण अशा तारखांची यादी करून ठेवा.

सहावी पायरी : वकील फी म्हणजे सगळा खर्च नव्हे

ही चूक पत्रकारही करतात. वकील फीचा आकडा लहान दिसतो आणि बातमी तिथेच संपते. खरी रक्कम दुसऱ्या लेखाशीर्षात असते. कामगार जिंकला की मागील पगार द्यावा लागतो, तो आस्थापना खर्चात जातो. महापालिका पुनर्नियुक्तीच्या निवाड्याविरुद्ध हायकोर्टात गेली तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७ब प्रमाणे, अपील चालू असेपर्यंत कामगाराला शेवटचा पगार द्यावा लागे. काम न घेता पगार, आणि वर दोन वकिलांची फी. हे विधी विभागाच्या नोंदवहीत कुठेच दिसणार नाही.

म्हणून लेखा विभागाच्या अर्जात वेगळं मागा : त्याच आर्थिक वर्षात न्यायालयाच्या आदेशाने कर्मचाऱ्यांना दिलेल्या थकीत वेतनाची प्रमाणकं (व्हाउचर), त्यांना जोडलेल्या आदेशाच्या प्रतींसह. मुख्य लेखापरीक्षकाच्या वार्षिक अहवालातलं विधी विभागावरच्या आक्षेपांचं पानही मागून घ्या. तिथे बरेचदा तुमचं अर्धं काम आधीच कोणीतरी केलेलं असतं.

शेवटी रकाने आखलेल्या एका कागदावर प्रत्येक दाव्याला एक ओळ द्या : कामगाराची मूळ मागणी किती, वकिलांना किती, थकीत वेतन किती, निकाल काय. कामगाराचं नाव लिहू नका, दावा क्रमांक लिहा. जिथे वकिलाची फी मूळ मागणीच्या वर गेली असेल ती ओळ लाल पेनाने, आणि तेवढ्याच दाव्यासाठी पुढचा अर्ज : अपील करण्याचा निर्णय ज्या टिपणीवर झाला ती टिपणी, सहीसकट.