रिड्यूस, डिक्रीज की डिक्लाइन?
मराठीत आपण सगळ्याला ‘कमी झालं’ म्हणून मोकळे होतो, इंग्रजीत मात्र तिथेच गोची होते. सोप्पी खूण सांगतो, कोणीतरी मुद्दाम कमी केलं असेल तर रिड्यूस, म्हणजे ‘वुई रिड्यूस्ड द कॉस्ट’, आणि आपोआप घसरत गेलं असेल तर डिक्लाइन, ‘सेल्स डिक्लाइन्ड’. ‘वुई डिक्लाइन्ड द कॉस्ट’ असं लिहू नका, कारण डिक्लाइनच्या पुढे कर्म आलं की अर्थ ‘नम्रपणे नाकारणं’ असा होतो, ‘डिक्लाइन्ड द ऑफर’ म्हणतात ना तसं. डिक्रीज बिचारा दोन्हीकडे चालतो, अडलात की तोच वापरा.

आता खरी चूक होते ती ‘बाय’ आणि ‘टू’ मध्ये, आणि ही मी स्वतः रिपोर्टमध्ये केलीय. १०० चे ८० झाले तर ‘डिक्रीज्ड बाय २०’, पण ‘डिक्रीज्ड टू २०’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटणार फक्त २० च उरले. नाम म्हणून वापरताना शक्यतो ‘इन’ लावा, ‘अ डिक्रीज इन डिमांड’.

बाकी पूर, ताप, सूज, राग ओसरला की सबसाइड, आणि साठा किंवा गर्दी हळूहळू कमी होत अगदी थोडीच उरली की ड्विंडल. चंद्राच्या कला कमी होतात तेव्हा वेन, हाच शब्द उत्साह किंवा लोकप्रियता ओसरतानाही चालतो. आणि हो, ‘कमी होणं किंवा करणं’ या अर्थाच्या लेसनचा (lessen) उच्चार धड्यावाल्या लेसनसारखाच (lesson) आहे, त्यामुळे लिहिताना स्पेलिंग एकदा बघूनच घ्या.