व्यसनमुक्तीचा कार्यक्रम घेताय? मग या चुका तरी टाळा

२६ जून हा व्यसनविरोधी दिन आहे हे संयुक्त राष्ट्रांनी १९८७ सालीच ठरवून टाकलंय, तारीख काही दरवर्षी पंचांग बघून काढत नाहीत. तरी मला फोन येतो २४ तारखेला. "ताई, परवा एक तास मिळेल का, मुलांना जरा घाबरवून सोडा." शाळा उघडून जेमतेम दहा दिवस झालेले, पोरांच्या वह्यांना कव्हरं पण लागलेली नसतात, आणि आम्ही चाललो कॅन्सरचे फोटो घेऊन. पुण्यात वस्ती, शाळा, सोसायटी, आयटी कंपनी सगळीकडे हेच कार्यक्रम होतात, आणि चुकाही त्याच.

सगळ्यात आधी, कृपा करून शपथ देऊ नका.

म्हणजे शाळेतल्या पोरांना द्या हवी तर, त्याने फरक पडत नाही, पण रोज पिणाऱ्या माणसाला स्टेजवर बोलावून "आजपासून दारूला शिवणार नाही" म्हणायला लावायचं, टाळ्या घ्यायच्या, नारळ द्यायचा आणि घरी पाठवायचं हे डेंजर आहे. पर्वतीच्या पायथ्याला एका मंडळाने गणपतीत हेच केलं. एक रंगकाम करणारे काका, सकाळी उठल्याउठल्या घेतल्याशिवाय ज्यांचे हात ब्रश धरत नव्हते, त्यांनी आरतीनंतर सगळ्यांसमोर शपथ घेतली आणि खरंच सोडली हो, माणूस शब्दाचा पक्का. तिसऱ्या दिवशी घामाने अंथरूण भिजलेलं, हात थरथरतायत, भिंतीवरच्या नसलेल्या मुंग्या झटकतायत, बायकोला ओळखेनात. शेजारी म्हणाले बाहेरचं काहीतरी लागलंय, देवऋष्याला बोलवा. पोरगी शहाणी, तिने मला फोन केला आणि रिक्षात घालून थेट हॉस्पिटलला नेलं म्हणून वाचले. मंडळाचे अध्यक्ष तोपर्यंत त्यांचा फोटो स्टेटसला लावून मोकळे!

शरीराला रोजच्या दारूची सवय झाली की ती एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी असा भ्रम होऊ शकतो, यात माणूस दगावतो सुद्धा. म्हणून मी स्टेजवरून स्पष्ट सांगते, ज्यांना सकाळी घेतली नाही तर हात कापतो त्यांनी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरला दाखवा. ससून हॉस्पिटलला मानसोपचाराची ओपीडी आहे, येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, कुठे जायचं ते ठरवूनच उठा. लोकांना वाटतं ही बाई दारू पिऊ द्या म्हणतेय. वाटू दे.

दुसरी चूक, जिच्यासाठी मी एका उत्साही कार्यकर्त्याला हॉलबाहेर नेऊन झापलंय. आठवीचा वर्ग, हा पोरगा दोन दिवसांचं ट्रेनिंग करून आलेला, गळ्यात ओळखपत्र, आणि विचारतो काय, "कोणाकोणाच्या घरी दारू पितात, हात वर करा बघू!" मागच्या बाकावरच्या एकाने प्रामाणिकपणे हात वर केला. एकट्यानेच. पुढच्या सुट्टीपासून त्याचं नाव बदललं, 'बेवड्याचा'. आठवडा उलटला तरी तो शाळेत येईना, शेवटी वर्गाच्या बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा आईला पहिल्यांदा कळलं की पोरगं दप्तर घेऊन निघतं ते कॅनॉलवर जाऊन बसतं. आणि कार्यकर्त्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं, 'मुलांचा उत्स्फूर्त सहभाग'.

ही दोन दिवसांत समुपदेशक झालेली जमात, यांच्याबद्दल मला फार काही चांगलं बोलता येत नाही. ट्रेनिंग वाईट नसतं, पण ते ऐकायला आणि योग्य ठिकाणी पोचवायला शिकवतं, उपचार करायला नाही, आणि हे पाचव्या मिनिटाला सल्ले द्यायला लागतात.

मी काय करते, चिठ्ठ्या. सगळ्यांना सारखा कागद, नाव नाही, आणि अट एकच की प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. ज्याला काही विचारायचं नाही त्याने काल रात्री काय जेवलात ते लिहा. यामुळे सगळ्यांची पेनं एकदमच हलतात आणि कोण काय लिहितंय कळत नाही. मग भेंडी, भेंडी, अंडाकरी, वरणभात, आणि मधेच एक 'पप्पा मारायला लागले की कुठे जायचं'. ती चिठ्ठी मी वाचून दाखवत नाही, अक्षर ओळखतात पोरं. फळ्यावर मोठ्ठा १०९८ लिहिते, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे म्हणून सगळ्या वर्गालाच सांगते, आणि कार्यक्रम संपला तरी चपला घालायला मुद्दाम वेळ लावते. ज्याला बोलायचं असतं तो तेव्हाच येतो, दाराशी घुटमळत. स्पीकरनी लगेच गाडी गाठली तर तो तसाच परत जातो.

बरे झालेल्या माणसाला बोलवून त्याची कहाणी पोरांना ऐकवणं हा अजून एक लाडका प्रकार. पालकांसमोर, किंवा जे स्वतः अडकलेत त्यांच्यासमोर बोलवा, फार उपयोग होतो, एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचे गट, त्यांच्या मीटिंगा त्यावरच चालतात. पण शाळेत नको. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिबंधाच्या मार्गदर्शिकेतही नुसती भीती घालणं आणि माजी व्यसनींची भाषणं यांचा उपयोग दिसत नाही असंच लिहिलंय. पोरांच्या डोक्यात राहतं ते एवढंच, की दादाने सगळं केलं, मजा केली, आणि आता स्टेजवर हार घालून घेतोय.

तसंच पावडरी, सुया, चिलमी मांडून प्रदर्शन करू नका. व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगण्याबद्दल मुलांना नको, शिक्षकांना आणि पालकांना सांगा. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या अहवालात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि १० ते १७ च्या मुलांत १.१७ टक्के आहे, म्हणजे मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत असा हा एकच प्रकार. आणि आपल्या बॅनरवर चित्र कशाचं? बाटलीचं.

महिला मेळाव्यात मिश्री विसरू नका. नवऱ्याच्या दारूवर तासभर बोलणारी बाई मधे उठून मिश्री लावून येते, तो तंबाखूच आहे म्हटलं की हसतात.

आत्महत्येवर बोलताना कशी केली, कुठे केली याचं वर्णन नको. पण जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, असं थेट विचारल्याने कोणी प्रवृत्त होत नाही, उलट बोलायला जागा मिळते. पोलीस केसच्या भीतीने लोक दवाखान्यात खोटं सांगतात, त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, शिक्षेचा विषय सहसा येत नाही.

सत्कार शेवटी ठेवा. नाहीतर ठेवूच नका, सोप्पं.

हेल्पलाइन नंबर छापायच्या आधी स्वतः लावून बघा. टेलिमानस १४४१६, मानसिक त्रासासाठी, मराठीत बोलतात, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. व्यसनासाठी १४४४६. एका बॅनरवर यातला एक आकडा गाळलेला बघितलाय मी, आणि ते बॅनर दिवाळीपर्यंत चौकात लटकत होतं.

आणि फोटो. 'व्यसनग्रस्त कुटुंब मेळावा' अशा बॅनरखाली बायकांना ओळीने बसवून फोटो काढता, संध्याकाळपर्यंत तो वस्तीच्या ग्रुपवर असतो, पुढच्या वेळी त्यातल्या निम्म्या येत नाहीत, मग म्हणता प्रतिसाद कमी झाला. मी मागून काढते फोटो, पाठी, खुर्च्या आणि चहाचे कप. देणगीदारांना तेवढं पुरत नसेल तर त्यांनी दुसरी संस्था बघावी.