जुलाब लागलेत? गोळी घ्यायच्या आधी हे बघा

जुलाब लागले की घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी शोधायच्या आधी शी नीट बघा. किळस येईल, येऊ दे, अर्धा अंदाज तिथेच येतो.

नुसतं पाणी पडतंय, रक्त नाही, तर लहान पोरांमध्ये बऱ्याचदा व्हायरसच असतो, रोटा वगैरे, आणि त्याला अँटिबायोटिक काही करत नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं पांढुरकं भसाभसा जात असेल तर मात्र कॉलरा समजा, ओआरएस पाजत पाजत थेट हॉस्पिटल गाठा, काही तासांत माणूस पार कोरडा पडतो त्यात.

रक्त, आव, मुरडा, वर ताप, म्हणजे शिगेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर या बॅक्टेरियांचा संशय. शिगेला भलताच चिकट, 10 ते 100 जंतू पोटात गेले तरी पुरतात, म्हणून एकाला झाला की घरभर फिरतो, साबणाने हात धुवा बाबांनो. इथे जुलाब दाबणारी लोपेरामाइड अजिबात नको. आणि ई. कोलाय या बॅक्टेरियाचा ओ157 नावाचा एक प्रकार आहे, त्यात रक्त जातं पण ताप फारसा नसतो, आणि अँटिबायोटिक दिलं तर किडनीला धोका वाढू शकतो, म्हणून तर मनाने गोळी नको म्हणतोय.

डॉक्टरांनी कल्चर, म्हणजे शीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, सांगितलं तर सँपल पहिल्या डोसच्या आधी द्या, लोक नेमकं उलटं करतात आणि मग रिपोर्टमध्ये काहीच उगवत नाही. रुंद तोंडाची कोरडी डबी घ्या, कमोडमधून उचलू नका, लघवी मिसळू देऊ नका, रक्त-आव असलेला भाग घ्या आणि 2 तासांत लॅबला पोचवा. उशीर होणार असेल तर सँपलमधले जंतू टिकवणारी कॅरी-ब्लेअरची ट्यूब लॅबमधून आधीच मागून आणा. रिपोर्टला 2-3 दिवस जातात.

तोवर ओआरएस. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, मोठ्या पाकिटाला 1 लिटर, अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ओतू नका, मीठ जास्त होतं. पोराने ओकलं तर 10 मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत चालू करा. 6 महिन्यांवरच्या पोराला डॉक्टरांना विचारून झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी.

डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, पोर सुस्त पडलं किंवा काहीच पीत नाहीये, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, उचला आणि निघा.